फेब्रुवारीचे तीनशे रुपये

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कराचे २०० रुपये दरमहा कापले जातात, आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. पगारपत्रकातली ही ओळ सहसा कुणी वाचत नाही. दिवाळीला एखाद्या संस्थेला दिलेला हजाराचा चेक मात्र वर्षभर लक्षात राहतो. माझ्या मते त्या न वाचलेल्या ओळीचे मोल जास्त आहे. ते कळायला बदनापूरसारख्या गावाकडे यावे लागते.

जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधला हा दुधनेकाठचा तालुका. इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना ‘बाहत्तर’ म्हटले की पुरते, पुढे दुष्काळ हा शब्द लागत नाही. लाल मिलो ज्वारी, वाटपातली सुकडी आणि खडी फोडून हाताला आलेले फोड, एवढ्यात ते वर्ष सांगून होते.

त्याच १९७२ साली पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बांगलादेशच्या निर्वासितांची उपासमार त्याच्या डोळ्यांपुढे होती. तळ्यात मूल बुडताना दिसले तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही. मग दूरच्या भुकेल्यासाठी पैसे देताना का थांबतो, असा त्याचा सवाल. जगभरच्या दानशूरांना या प्रश्नाने अजून सोडलेले नाही. बाहत्तरच्या मराठवाड्यात मात्र बुडायलाही पाणी नव्हते! आणि नुसत्या धान्याने भागणारे नव्हते. शेतातले काम गेले होते, म्हणून मजुरी गेली होती. बाजारात ज्वारी आली तरी ती घ्यायला पैसा हवा. सरकारने दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती, त्यांत बाया मोठ्या संख्येने. इतका मोठा दुष्काळ, पण भूकबळींचे थैमान टळले. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी पुढे जगाला हे उदाहरण दाखवले.

दुष्काळ सरला की कामे बंद, ही सरकारी रीत. ती मोडली वि. स. पागे यांनी. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांनी १९६५ पासून तासगाव तालुक्यात याचा प्रयोग चालवला होता: मागेल त्याला काम. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खर्चाचे काय? त्यासाठी आधीच, १९७५ साली, व्यवसाय कर बसला होता, आणि जितका कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची ठरले होते. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराला पोसायचे, पण त्याने हात जोडावेत अशी अपेक्षा नाही. देणाऱ्याचे नाव फलकावर नाही. घेणारा काम मागतो, आणि ते मिळाले नाही तर भत्ता मागतो. २००५ मध्ये देशाने हीच कल्पना कायद्यात घेतली.

बोगस मस्टर, पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते, रखडलेली मजुरी, हेही त्याच योजनेने दाखवले. कराचा पैसा हमीवर पुरता खर्च होत नाही, ही तक्रारही जुनी. हक्क कागदावर असला म्हणून चुलीवर चढत नाही.

म्हणून दानाला हिणवू नये. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले, आणि पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकरी उपाशी का राहतो त्याचा हिशेब मांडला. मूल भुकेने रडत असताना आधी असूड लिहीत बसायचे नसते. अलीकडे ‘नाम’ फाउंडेशनही २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना मदतीचे धनादेश देत निघाले आणि लवकरच नाल्यांच्या खोलीकरणाकडे वळले. नुसता धनादेश पुरत नाही, हे वाटणाऱ्यालाच आधी कळते.

जालना तालुक्यातल्या कडवंचीत तर परदेशी मदतच पाणलोटात उतरली. इंडो-जर्मन कार्यक्रमात पैसा बाहेरचा, पण श्रमदान आणि चराईबंदी गावाची. बांधबंदिस्ती झाली, द्राक्षबागा आल्या. मात्र आता विहिरीचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरण्याची चाल जिल्ह्यात रूढ झाली आहे. तळे एकाचे, भूजल सगळ्यांचे.

खुद्द बदनापुरात सगळ्यांत गाजावाजा न करता झालेले काम म्हणजे तुरीचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे (स्थापना पुन्हा १९७२!) संशोधन केंद्र इथे आहे. त्याने दिलेला ‘बीडीएन ७११’ हा पांढऱ्या तुरीचा वाण दीडशे-एकशे पंचावन्न दिवसांत हाती येतो. ओल संपायच्या आत शेंग भरते. लांब मुदतीच्या तुरीला नेमके तिथेच पाणी कमी पडायचे. या बियाण्यामागे सरकारी पगारावरचे शास्त्रज्ञ आणि कित्येक हंगामांची निवड आहे. कुणाच्या दिवाळीच्या देणगीतून इतके दिवस वाट पाहिली गेली नसती.

या दिवाळीत चेक जरूर लिहा. आणि गावी गेलात तर ग्रामपंचायतीत एवढे विचारा, की रोजगार हमीच्या कामाची मागणी करणारा नमुना ४ घेतात का, आणि पोच म्हणून नमुना ५ देतात का. हे विचारण्याइतके पैसे तुम्ही फेब्रुवारीत भरलेले आहेत.