परमुलखातील मुदत
घोडनदीकाठच्या इनामगावासारख्या गावातून लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस गेलेल्या आईवडिलांना, करोनाच्या साथीमुळे २३ मार्च २०२० पासून भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक स्थगित होताच, परतीचे तिकीट हाती असूनही मुक्कामाच्या मुदतीची धास्ती पडणे स्वाभाविक होते. पासपोर्टावरील व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी वास्तव्याची खरी मुदत, बहुधा सहा महिन्यांची, आय-९४ या आगमननोंदीत असते, हे पुष्कळांना (सुशिक्षितांनाही!) तेव्हाच उमगले. ती तारीख उलटण्यापूर्वी आय-५३९ ही मुदतवाढीची दरखास्त, सबब व खर्चाची तरतूद नमूद करून, दाखल केल्यास निर्णय होईतो वास्तव्य अवैध ठरत नसे. ७ मे २०२० पासून अडकलेल्यांना मायदेशी आणणारी ‘वंदे भारत’ उड्डाणे सुरू झाली. नियमित वाहतुकीस मात्र २७ मार्च २०२२ उजाडला. अमेरिकेत उतरताच आय-९४ची तारीख अवश्य तपासावी.