स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि रक्तातील साखर

मधुमेह हा स्वादुपिंडाचा विकार, अशी आपली रूढ समजूत आहे. त्यामुळे जठरावर शस्त्रक्रिया केल्याने रक्तातील साखर उतरते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. इंदूर येथील मोहक केंद्रात डॉ. मोहित भंडारी व त्यांचे सहकारी अशा शस्त्रक्रिया अनेक वर्षे करीत आले आहेत. माळवा, निमाड आणि खानदेशातील रुग्णांस हे शहर जवळचे असल्याने या उपचाराची माहिती सर्वांना असणे इष्ट आहे.

शस्त्रक्रियेचे प्रकार

दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. ‘बायपास’ पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात.

भूक का कमी होते?

पोट लहान झाले म्हणून भूक कमी होते, हे अर्धेच सत्य आहे. १९९९ साली जपानमधील कोजिमा व कांगावा या शास्त्रज्ञांनी ‘घ्रेलिन’ या संप्रेरकाचा शोध लावला. जठराच्या वरच्या भागात तयार होणारे हे द्रव्य मेंदूस भुकेचा संदेश देते. केवळ उपासाने वजन घटविल्यास घ्रेलिन वाढते, शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते आणि वजन पुन्हा चढते. ‘स्लीव्ह’ पद्धतीत हा भागच काढला जात असल्याने भुकेचा तगादा मंदावतो.

साखरेवर परिणाम

१९९५ साली अमेरिकेतील डॉ. वॉल्टर पोरिस यांनी आपल्या रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. वजन फारसे घटण्यापूर्वीच, काही दिवसांतच, त्यांची साखर उतरत होती. याची दोन प्रमुख कारणे आहेत. एक, आहार एकदम घटल्याने यकृतावरील भार हलका होतो. दुसरे, अन्न लहान आतड्यात लवकर पोहोचल्याने ‘जीएलपी-१’ हे संप्रेरक अधिक स्रवते व त्यामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन वेळेवर मिळते.

म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर पूर्वीच्याच मात्रेत इन्सुलिन वा गोळ्या घेणे धोक्याचे ठरू शकते. साखर अतिशय खाली जाऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. औषधांची मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

दक्षता

मधुमेह अलीकडचा असल्यास लाभ अधिक होतो. जुन्या रोगात तो कमी मिळतो आणि काही वर्षांनी साखर पुन्हा वाढूही शकते. यासाठी ‘रोग बरा झाला’ असे न मानता ‘शमला’ असे मानावे. ब-१२ जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम यांची उणीव निर्माण होत असल्याने पूरक गोळ्या आजन्म घ्याव्या लागतात. शाकाहारी कुटुंबांनी ब-१२ कडे विशेष लक्ष द्यावे. बायपासनंतर पोह्यांसोबत जिलेबी खाल्ल्यास घाम, धडधड व भोवळ येण्याचा संभव असतो.

ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नाही. उंची १६० सेंटिमीटर व वजन ९० किलो असल्यास देहभारांक ३५ भरतो. साधारणतः एवढ्या स्थूलतेत तिचा विचार होतो. भारतीयांस कमी वजनातही मधुमेह जडत असल्याने आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २.५ ने खाली धरतात. घरी परतलेल्या रुग्णाची नियमित तपासणी चुकू नये, याकडे कुटुंबीयांबरोबरच गावातील शिक्षक व आरोग्यसेवक यांनीही लक्ष ठेवावे.