सैनिकाच्या मनाची जखम आणि योगाभ्यास

लढाई संपते, सैनिक घरी येतो, गावात त्याचा सत्कार होतो. आणि आपण समजतो की त्याचे युद्ध संपले. कित्येकांच्या बाबतीत ते संपलेले नसते. अंगावरची जखम भरून येते, परंतु रात्री दार वाजले की हा माणूस अंथरुणात ताडकन उठून बसतो. सणाचा फटाका त्याला फटाका वाटत नाही. बायकोमुलांत बसला तरी त्याची पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे असते.

हा विकार नवा नाही. नावे मात्र बदलत गेली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रातील लेखात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला हादरा बसत असावा, अशी तेव्हा समजूत होती. पुढे स्फोटापासून दूर असलेल्या शिपायांतही तीच लक्षणे दिसली, तेव्हा ती समजूत टिकेना. मधल्या काळात अनेकांच्या कपाळी भित्रेपणाचा शिक्का बसला तो बसलाच. व्हिएतनामचे युद्ध १९७५ साली संपले, आणि त्यानंतर १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी या विकाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. तो केवळ सैनिकांनाच होतो असे नाही. अपघात, अत्याचार, भूकंप, दंगल यांतून वाचलेल्यांनाही तो गाठतो.

या विकारात होते तरी काय? संकट दिसताच मेंदू शरीराला हुकूम सोडतो. हृदय जोराने धावते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. रणांगणावर याच यंत्रणेने जीव वाचतो. परंतु संकट टळल्यावर ती शांत व्हावयास हवी, ती होत नाही. पहाट झाली तरी गुरख्याने 'जागते रहो' ओरडत राहावे, तशी या माणसाची अवस्था होते. 'आता काही भीती नाही' हे त्याच्या बुद्धीला कळते. शरीराला पटत नाही.

योगाचा उपयोग नेमका येथे आहे. हृदयाचे ठोके आपण हुकमाने कमी करू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालवता येतो. तो संथ केला, उच्छ्वास लांबवला, की हृदयाची गती मंदावते आणि ताण उतरू लागतो. ज्या शरीराचीच धास्ती वाटू लागली होती, त्यात पुन्हा निर्धास्तपणे राहण्याची सवय आसनांनी हळूहळू लागते.

डॅन नेविन्स या अमेरिकन सैनिकाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमध्ये त्यांच्या गाडीखाली बॉम्ब फुटला आणि अखेर दोन्ही पाय गुडघ्याखाली गमवावे लागले. कृत्रिम पायांवर ते पुन्हा हिंडूफिरू लागले. पुढे एका शस्त्रक्रियेमुळे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली, तेव्हा दाबून ठेवलेल्या युद्धाच्या आठवणी उसळून वर आल्या. एका स्नेह्याच्या आग्रहावरून ते योगाकडे वळले. प्रारंभी काही जमेना. मग त्यांनी कृत्रिम पाय काढून ठेवले आणि जमिनीचा थेट आधार घेऊन वीरभद्रासन केले. तेथून त्यांना वाट सापडली. रीतसर शिक्षण घेऊन ते योगशिक्षक झाले आणि आपल्यासारख्या माजी सैनिकांना शिकवू लागले. अशा शिक्षकासमोर शिष्याला आपली कहाणी सांगत बसावे लागत नाही, हा मोठाच लाभ.

आघात सोसलेल्यांसाठी घेतलेला वर्ग नेहमीच्या वर्गाहून वेगळा असतो. गुरुजी विद्यार्थ्याच्या अंगाला न विचारता हात लावत नाहीत. डोळे मिटण्याची सक्ती नसते. दिवे मालवले जात नाहीत. 'हात वर करा' असे न म्हणता 'वाटल्यास हात वर करून पाहा' असे म्हणतात. हा केवळ शिष्टाचार नव्हे. आघाताच्या क्षणी माणसाच्या हाती काहीच उरलेले नसते. तेव्हा आपल्या देहाचा निर्णय आपण घेणे हाच उपचाराचा गाभा होय. शवासनही ज्याला सोसेल त्यानेच करावे.

याला पुरावा काय, असे आपण विचाराल. विचारलेच पाहिजे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले, तो वारसा आपला आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क व त्यांचे सहकारी यांनी इतर उपचारांनी गुण न आलेल्या ६४ स्त्रियांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला; तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्या गटातील ५२ टक्के स्त्रिया विकाराच्या निकषांतून बाहेर आल्या. आरोग्यविषयक वर्गाला बसलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. त्याच वर्षी २१ माजी सैनिकांवरील श्वसनाभ्यासाच्या प्रयोगाचेही अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आकडे आशादायक आहेत, पण लहान आहेत. म्हणून योगाने सारे बरे होते असे आम्ही म्हणणार नाही. या विकारावर मानसोपचार हाच मुख्य उपाय मानला जातो. योग हा त्याच्या जोडीचा. औषधे वा डॉक्टर सोडून आसने करीत बसणे घातक ठरेल. स्वतःला संपविण्याचे विचार मनात येत असतील, तर आधी वैद्यकीय मदत घेतली पाहिजे.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठविली आहेत. आपल्या आळीतही एखादा निवृत्त जवान असेल. तो चारचौघांत मिसळत नाही, लवकर चिडतो, म्हणून त्याला तिरसट ठरविण्यापूर्वी आपण थोडे थांबावे. त्याच्या शेजारी शांतपणे बसण्यास तर आपल्यापैकी कोणालाही योगशिक्षक व्हावे लागत नाही.