जळालेला रेझिस्टर बदलण्यापूर्वी तो का जळाला, ते विचारा

कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीवर लिहावे, याचे वाचकांना आश्चर्य वाटेल. पण हा विषय आमच्याकडे उधारीच्या वहीतून आला. अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीने फार वर्षांपूर्वी आमच्याकडून पडद्यांचे व पोशाखांचे कापड उधार नेले होते. पुढे पार्टी मोडली. मालकाने बाकीपोटी बास गिटारचा व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आमच्याकडे गहाण ठेवला. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने सारी बाकी चुकती केली आणि वडिलांची वस्तू मागितली. ती आमच्याकडे अमानत होती. तेव्हा चालू स्थितीतच परत करावी, असे आम्ही ठरवले. बटण दाबले आणि दोन मिनिटांत धूर निघाला.

अमरावतीतील एका कारागिराने पेटी उघडली, काळा पडलेला रेझिस्टर काढून दुसरा लावला आणि पैसे घेतले. घरी आणल्यावर दहा मिनिटांत तोही जळाला, आणि या वेळी सोबत एक व्हॉल्व्हही गेला. शेवटी आम्ही पेटी अकोल्याला नेली. तेथील वयस्कर उस्तादांनी हत्यार हातात घेण्यापूर्वीच विचारले, "शेठजी, हा जळाला हे दिसतेच. याला जाळले कोणी?"

सारी दुरुस्ती या एका प्रश्नात आहे.

जामीनदार आणि कर्जदार

रेझिस्टरचे काम विजेचा प्रवाह आवरून धरण्याचे. आमच्या पेटीतला रेझिस्टर ४७० ओहमचा, १ वॅटचा होता आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या स्क्रीनला जोडलेला होता. सर्व ठीक असताना त्यातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह जातो, म्हणजे भार एका वॅटच्या विसाव्या भागाइतकाच. पण व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला, तर ४०० व्होल्ट थेट त्याच्यावर येतात आणि भार ३४० वॅटवर जातो. एका वॅटचा माल तो कसा पेलणार?

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर रेझिस्टर हा जामीनदार आहे. जामीनदार बुडाला म्हणून दुसरा उभा करण्याने काही साधत नाही. आधी कर्जदाराची स्थिती पाहावी लागते. आमच्या पेटीत खरा दोषी एक जुना कंडेन्सर निघाला. तो गळत होता, त्यामुळे व्हॉल्व्हवरचा निगेटिव्ह दाब नाहीसा होऊन व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढत होता. कंडेन्सरची किंमत काही रुपये, व्हॉल्व्हची हजारांत. १९६०च्या दशकात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत असत; आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीनमध्ये बनतात. पहिल्याच दिवशी कंडेन्सर तपासला असता, तर हा खर्च वाचला असता.

दुसरे कारण वयाचे. जुने कार्बनचे रेझिस्टर उष्णतेने व ओलाव्याने हळूहळू आपली किंमत वाढवतात. अकोल्याचा उन्हाळा आणि मागून येणारा पावसाळा त्यांना सोडत नाही. दिसायला धड असलेला रेझिस्टरही म्हणून मीटरवर तपासावा.

काम कसे करावे

उस्तादांची पद्धत होतकरू मुलांसाठी येथे देत आहोत.

प्रथम जिवाची काळजी. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय आत हात घालू नये.

जळालेल्या रेझिस्टरचे रंग करपतात आणि मीटरही त्याची खोटी किंमत दाखवतो. अशा पेटीत आउटपुट व्हॉल्व्ह बहुधा जोडीने असतात. शेजारच्या व्हॉल्व्हचा जोडीदार रेझिस्टर पाहावा. पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतील तर तो ४७० ओहम. पेटीवर नकाशा चिकटवलेला असेल तर तोही पडताळावा.

नवा रेझिस्टर त्याच ओहमचा, पण दुप्पट वॅटचा, आग न धरणाऱ्या मेटल ऑक्साइडचा घ्यावा. मूळ रेझिस्टर मुद्दाम फ्यूज म्हणून बसवलेला असेल, तर मात्र वॅट वाढवू नये. तो बोर्डापासून थोडा उचलून बसवावा, म्हणजे हवा लागते. करपलेला बोर्ड खरवडून साफ करावा, कारण कोळशातूनही वीज वाहते.

शेवटी १०० वॅटचा साधा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून पेटी सुरू करावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भडक जळत राहिला तर दोष अजून आत आहे. स्पीकर जोडल्याशिवाय पेटी कधीही चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचा धोका असतो.

बिलावर कारण लिहा

अमेरिकेच्या फेंडर कंपनीने १९५२ मध्ये बास गिटारसाठी 'बासमन' अ‍ॅम्प्लिफायर काढला. त्या घडणीच्या पेट्या दुरुस्त होऊन आजही वाजतात. म्हणजे वस्तू टिकते. प्रश्न कारागिराच्या नियतीचा व सबुरीचा आहे.

या धंद्याला भांडवल थोडे लागते. मीटर, सोल्डरिंगचे हत्यार आणि एक बल्ब यांवर सुरुवात होते. गिऱ्हाईक टिकते ते दुसऱ्याच गोष्टीवर. अकोल्याच्या उस्तादांनी बिलावर रेझिस्टर व व्हॉल्व्हसोबत जळण्याचे कारण लिहिले, काढलेला माल पुडीत बांधून परत दिला आणि आमच्यासमोर तासभर पेटी चालवून दाखवली. मजुरी पहिल्या कारागिरापेक्षा जास्त होती, पण आम्ही ती आनंदाने दिली.

पेटी मुलाच्या हवाली करताना ती पुडी व बिलही आम्ही त्याला दिले. त्याने दुकानातच तार छेडली. आवाज ऐकून आम्ही वही काढली आणि त्याच्या वडिलांच्या खात्यावर शेवटची रेघ ओढली.