जुनं व्हायोलिन कुठलं, हे कसं ओळखायचं?

जुन्या व्हायोलिनच्या पोटात डोकावलं की पुष्कळदा एक पिवळट कागद दिसतो. त्यावर लॅटिनमध्ये छापलेलं असतं, ‘आंतोनिउस स्त्रादिवारिउस क्रेमोनेन्सिस’, आणि पुढे सतराशे-अमुक साल. म्हणजे इटलीतल्या क्रेमोना गावच्या आंतोनियो स्त्रादिवारीनं हे घडवलं! घरची मंडळी हरखून जातात. आपण मात्र आज हे लेबल सर्वांत शेवटी वाचायचं.

का? स्त्रादिवारी १७३७ साली वारला. त्याची साधारण साडेसहाशे वाद्यं आज शिल्लक आहेत. पण त्याच्या नावाचं लेबल लावलेली व्हायोलिनं पुढे प्रचंड संख्येनं बाजारात आली. जर्मनीतलं मार्कनॉयकिर्खन, बोहेमियातलं शोनबाख (आजचं झेक प्रजासत्ताकातलं लुबी) आणि फ्रान्समधलं मीरकूर ही त्यांची मोठी केंद्रं. तिथे दरवेळी फसवण्याचाच हेतू होता असं नाही. ‘या नमुन्यावर बेतलेलं’, एवढाच त्या लेबलाचा अर्थ असायचा.

मग बघायचं काय? बांधणी. क्रेमोनाचे कारागीर आधी लाकडी साचा करत. साच्याच्या कडेला ठोकळे तात्पुरते चिकटवायचे, त्यांच्याभोवती मेपलच्या पातळ पट्ट्या उष्णतेनं वाकवून बसवायच्या, आणि मग साचा काढून घ्यायचा. त्यामुळे वाद्याच्या चारही कोपऱ्यांत आतून भरीव ठोकळे राहतात.

मार्कनॉयकिर्खन आणि शोनबाखच्या बाजारी मालाची रीत वेगळी. कोणी फक्त माना कोरायचा, कोणी फक्त वरच्या फळ्या. व्यापारी ते गोळा करून जोडून घ्यायचे. पुष्कळदा साचा न वापरता बाजूच्या पट्ट्या सरळ पाठीच्या फळीवरच उभ्या केलेल्या असतात. कोपऱ्यांत ठोकळे नसतात, किंवा आहेत असं भासवणारी नुसती चकती असते. वरच्या फळीखालची आडवी नव्हे, लांबट आधारपट्टी, म्हणजे बास बार, वेगळी चिकटवण्याऐवजी त्याच फळीतून कोरून ठेवलेली सापडते.

हे घरीही तपासता येतं. ‘एफ’ आकाराच्या छिद्रातून बारीक दिवा आणि दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा आत घालून कोपरे बघायचे.

दुसरा पुरावा मानेचा. १८०० च्या सुमारास संगीताची गरज बदलली, म्हणून जुन्या वाद्यांच्या आखूड माना काढून लांब माना बसवल्या गेल्या. कारागिराची मूळ गुंडाळी मात्र जपली. त्यामुळे खऱ्या जुन्या वाद्यात खुंट्यांच्या पेटीपाशी बहुधा सांधा दिसतो. पण सावध! काही बाजारी वाद्यांवर तिथे नुसती रेघ ओढून खोटा सांधा दाखवलेला असतो.

तिसरा पुरावा लाकडाचा. वरची फळी स्प्रूसची असते, आणि तिच्यावरच्या उभ्या रेघा म्हणजे झाडाची वर्षं. त्यांची रुंदी मोजून, साल माहीत असलेल्या लाकडांशी ताडून बघतात. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातल्या ‘मेसाया’ या १७१६ च्या व्हायोलिनबद्दल मोठा वाद झाला, तेव्हा त्याच्या फळीतली शेवटची रेघ १६८० च्या दशकातली निघाली. यानं काय सिद्ध झालं? ते लाकूड स्त्रादिवारीच्या हयातीतलं असू शकतं, एवढंच. रेघ १७६० ची निघाली असती, तर मात्र त्याचं नाव तिथेच बाद झालं असतं. ही पद्धत ‘नाही’ ठामपणे सांगते, ‘हो’ सांगत नाही.

आता लेबल वाचू. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानंतर आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. म्हणून ‘जर्मनी’ छापलेलं लेबल बहुधा १८९१ नंतरचं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरचंच.

हा प्रश्न आपल्याकडचाही आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून व्हायोलिन शिकवलं जायचं, आणि तिथले वादक मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत आले. अशा घरांत जुनी व्हायोलिनं सापडली, तर दोन गोष्टी टाळा: घासून नवं पॉलिश मारू नका, आणि निखळलेला सांधा सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदानं चिकटवू नका. जुना सरस कारागिराला सोडवता येतो, हा गोंद सहजी सुटत नाही. पॉलिश करताना तर पुरावाच पुसला जातो.

आणि वाद्य शोनबाखचं निघालं, तर हिरमुसू नका. नीट जुळवलेलं असं व्हायोलिन आजही छान वाजतं.