जहाजाचा थांबा आणि कोरमंगलातील स्वयंपाकघर

समुद्रपर्यटनाच्या जहाजाने फिरणारे काही प्रवासी बंदरात उतरल्यावर देवळे आणि बाजार पाहण्याऐवजी एखाद्या स्थानिक कुटुंबाच्या घरी जाऊन तेथील स्वयंपाक शिकणे पसंत करतात. गृहिणीसोबत भाजी निवडायची, मसाला वाटायचा आणि अखेरीस त्याच घरी जेवायला बसायचे, असे या तीन-चार तासांच्या वर्गाचे स्वरूप असते. एअरबीएनबी या कंपनीने २०१६ मध्ये 'एक्स्पिरिअन्सेस' हा विभाग सुरू केल्यानंतर अशा घरांपर्यंत पोहोचणे अधिक सोपे झाले. भारताच्या केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले; क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

कर्नाटकातील घरगुती जेवण शिकू इच्छिणाऱ्यांपुढे मात्र भूगोलाची अडचण उभी राहते. बंगळुरू शहर समुद्रापासून दूर आहे. राज्यातील प्रमुख बंदर म्हणजे मंगळूरजवळील पणंबूर येथील नवमंगळूर बंदर. तेथून शहराच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही वसाहत सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावर आहे. वाटेत शिराडी घाट लागतो आणि रस्त्याने एका बाजूच्या प्रवासालाच सात ते आठ तास मोडतात. सकाळी आठला लागलेले जहाज सायंकाळी सहाला सुटणार असेल, तर उतरण्याचे सोपस्कार आणि सुटण्यापूर्वी परत चढण्याची वेळ वजा जाता प्रवाशाच्या हाती जेमतेम सात-आठ तास उरतात. एवढ्या अवधीत मंगळूरमध्येच नीर दोसा शिकून परतणे शक्य आहे, कोरमंगला गाठणे नव्हे.

हा हिशेब चुकल्यास परिणाम गंभीर होतात. जहाज कंपनीनेच आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. घरमालकाशी परस्पर ठरवून गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही, आणि पुढील बंदर त्याला स्वखर्चाने गाठावे लागते.

त्यामुळे कोरमंगलातील वर्ग थांब्यात नव्हे, तर जहाजात चढण्यापूर्वी किंवा सफर संपल्यावर घेणेच शहाणपणाचे. चेन्नई बंदरातून निघणाऱ्यांना हे विशेष सोयीचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली म्हैसूर-चेन्नई वंदे भारत गाडी बंगळुरूहून सुमारे साडेचार तासांत चेन्नईला पोहोचते. वर्ग आणि जहाज यांच्यामध्ये किमान एक रात्र मात्र ठेवावी.

कोरमंगला आज नवउद्योगांची वसाहत म्हणून ओळखली जाते. २००७ मध्ये फ्लिपकार्टचा आरंभ येथील एका सदनिकेतच झाला. घरांतील चुलीवर मात्र जुनेच पदार्थ शिजतात, आणि मराठी पाहुण्याला त्यांत परकेपणा फारसा जाणवत नाही. भिजवलेल्या मूगडाळीची, काकडी आणि खोबरे घातलेली कोसंबरी ही आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण शोभते. होळिगे म्हणजे पुरणपोळीच. सर्वांत गमतीचा पदार्थ वांगीबात. कन्नडमध्ये वांग्याला बदनेकायी म्हणतात, पण भाताच्या या प्रकाराला नाव मिळाले ते मराठीतून. त्याच्या मसाल्यात हरभऱ्याची व उडदाची डाळ, धने, दालचिनी आणि ब्याडगी मिरची यांच्यासोबत बऱ्याच घरांत 'मराठी मोग्गू' नावाच्या सुकवलेल्या कळ्याही भाजून घालतात. मोग्गू म्हणजे कळी. सावरीच्या जातीच्या झाडाची ही कळी महाराष्ट्रातील अनेक स्वयंपाकघरांना मात्र ठाऊकही नाही! शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळुरूची जहागीर मिळाली होती, हे लक्षात घेतले तर या दोन भाषांच्या शेजाराचे नवल वाटत नाही.

अशा वर्गात यजमानाचेही बरेच काही पणाला लागलेले असते. गृहिणीला घरबसल्या उत्पन्न मिळते; त्या बदल्यात तिला अनोळखी माणसांना थेट ओट्यापर्यंत येऊ द्यावे लागते. मोबदला घेऊन जेवू घालणे हा अन्नव्यवसाय ठरतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालील २०११ चे नियम लहान व्यावसायिकांनाही नोंदणी बंधनकारक करतात. सदनिका असल्यास सोसायटीला आधी कल्पना दिलेली बरी, अन्यथा सुरक्षारक्षकाशी होणाऱ्या हुज्जतीतच पाहुण्यांचा अर्धा तास जातो.

पाहुण्यांनीही काही गोष्टी आगाऊ सांगाव्यात. शेंगदाणे, तीळ किंवा खोबरे सोसत नसेल, तर ते भाजी चिरण्यापूर्वी यजमानाला कळले पाहिजे. बाजारातील बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. गहू वर्ज्य असलेल्या पाहुण्यासाठी फोडणीच बदलावी लागते. काही घरांत कांदा-लसूण चालत नाही, आणि तेथे त्याचा आग्रह धरणे अप्रस्तुत ठरते.

निरोप घेताना यजमान अनेकदा मसाल्याची पुडी हातात देतात. घरी तयार केलेले पदार्थ जहाजावर नेण्यास बऱ्याच कंपन्या मनाई करतात, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. त्यामुळे पुडी स्वीकारण्यापूर्वी तिकिटासोबतची नियमावली एकदा वाचून घ्यावी.