शेंडा उडवलेलं झाड सावरता येतं

परवा बोईसरला एका सोसायटीत वर्षावृक्ष पाहिला. पावसाळ्याआधी शेंडा सरसकट उडवलेला, आता प्रत्येक खुंटावर फुटव्यांचा झुबका. लोकांना वाटतं झाड जोमात आहे. पण हे फुटवे सालीलगतच फुटलेले असतात, लाकडात त्यांची पकड कच्ची. जाड झाले की वादळात तिथूनच निखळतात. मे 2021चं तौक्ते आपण पालघरकर विसरलेलो नाही.

म्हणून काय करायचं? सगळे फुटवे एकदम काढू नका, झाडाचं अन्न आता त्यांच्याच पानांत तयार होतंय. खुंटागणिक बाहेरच्या दिशेचे एक-दोन दणकट ठेवा, बाकीचे दोन-तीन वर्षांत विरळ करा.

जाड फांदी तीन कापांत काढा. आधी खालून अर्धवट, मग जरा पुढे वरून, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत नाही. उरलेला खुंट शेवटी. फांदीच्या बुडाशी सुरकुतलेली, फुगीर कड दिसते, ती अजिबात दुखवू नका. जखम तिथूनच भरून येते. वर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका.

पालघर नगरपरिषद हद्दीत 1975चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आधी तिथे विचारा. तारांजवळची फांदी महावितरणशिवाय नकोच.

तुमच्या झाडाचा फोटो टाका, कुठे कापायचं ते सांगतो.